रडक्या गाडीतून मुलुंड ते बोरिवली

आमच्या ऑफिसातली माणसं सुट्टी काढून हिमाचलला जातात, परत आल्यावर बर्फाचे फोटो दाखवतात आणि सफरचंदं वाटतात. मी या वर्षी सुट्टी काढून घाटकोपरला गेले. मग अंधेरीला, तिथून खारदांड्याला आणि शेवटी बोरिवलीला. फोटो एकच आहे, तोही सीटखालच्या बोल्टचा. वाटायला सुके बोंबील आणले होते, पण ऑफिसच्या एसीत ती पिशवी उघडायची माझी हिंमत झाली नाही. तरीही हे प्रवासवर्णन लिहिते आहे, कारण हिमाचलची माहिती कुठेही मिळते आणि मुलुंडहून खारदांड्याला गाणं ऐकायला कसं जावं याची कुठेच मिळत नाही.

निघण्याचं कारण माझी धाकटी बहीण, जया. मी लग्न केलं नाही. आई माझ्याकडे मुलुंडला असते, किंवा मी आईकडे असते. यावर आम्ही अधूनमधून वाद घालतो. आईची सगळी नोकरी महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून झाली. जयू लग्न होऊन बोरिवलीला गेली आणि गेल्या वर्षी तिने नवी गाडी घेतली, उंच, छताला काच असलेली. तेव्हापासून दर रविवारी ती घोडबंदर रस्त्याने येते, आईला घेऊन जाते आणि संध्याकाळी आणून सोडते. सोमवार ते शनिवार गोळ्या, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याला तेल, सगळं माझ्याकडे. रविवारचं आइस्क्रीम जयूकडे. साहजिकच आईच्या तोंडी कौतुक आइस्क्रीमचं.

तर एका रविवारी आई परत आली ती खुशीत. चप्पल काढता काढता म्हणाली, "जयूच्या गाडीत कसं शांत वाटतं गं. गाणं लावलं की नुसतं गाणं ऐकू येतं. मीना, तुझी गाडी रडते."

"गाडी कशी रडेल, आई?"

"रडते. कुंईऽऽ करते. मधूनच रडते, मधूनच गप्प होते. तुझ्या मनाविरुद्ध काही झालं की रडते." आणि मग, पाणी प्यायल्यावर, सहज सांगावं तसं, "मामाच्या गृहप्रवेशाला मी जयूबरोबर जाईन हं. तू मागून ये."

मामाने संगमनेरच्या पुढे गावी नवं घर बांधलं होतं. पुढच्या महिन्यात बुद्धवंदना, मग जेवण, सगळे नातेवाईक जमणार होते. त्या सगळ्यांसमोर आई जयूच्या उंच गाडीतून उतरणार आणि मी मागून धुरळा खात येणार, हे चित्र मला तिथल्या तिथे दिसलं. मला मत्सर वाटला. सख्ख्या बहिणीचा, आणि तोही या वयात. लिहायला लाज वाटते, पण प्रवासवर्णनात खोटं लिहिलं की वाचणारे वाट चुकतात.

आता त्या रडण्याविषयी. माझ्या गाडीत स्पीकरचा आवाज वाढवणारी एक चपटी पेटी आहे, ॲम्प्लिफायर. ती मूळची जयूची. नवी गाडी आल्यावर तिने जुन्या गाडीतली काढून मला दिली. लहानपणी माझे आखूड झालेले फ्रॉक जयूला मिळायचे आणि ती आरशासमोर रडायची. आता जयूची उतरलेली पेटी मला मिळाली, आणि रडायला आरशाऐवजी गाडी होती. जयू तेव्हा म्हणाली होती, "ताई, बोरिवलीला ये ना, प्रशांतचा ओळखीचा माणूस नीट बसवून देईल." प्रशांत तिचा नवरा. मी म्हटलं, मुलुंडला काय माणसं नाहीत? आणि गल्लीच्या तोंडाशी सीट कव्हर शिवणाऱ्याकडून बसवून घेतली.

त्या दिवसापासून इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून एक बारीक सूर निघायचा. ॲक्सिलरेटर दाबला की तो वर चढायचा, पाय उचलला की खाली यायचा. गाणं बंद केलं तरी तो चालूच. माझा पक्का संशय होता की जयूने बिघडलेला माल माझ्या गळ्यात मारला.

घाटकोपर

मी आधी सीट कव्हरवाल्याकडेच गेले. "मॅडम, गाडी जुनी आहे, थोडं तर वाजणारच," असं म्हणून तो पुन्हा शिवायला बसला. त्यामुळे पहिला खरा मुक्काम घाटकोपर. तिथे गाड्यांच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत.

मुलुंडहून हायवेने निघालं की भांडुपपर्यंत वारा बरा असतो. कांजूरमार्गला कचऱ्याच्या डोंगराचा वास येतो आणि सगळ्या गाड्यांच्या काचा एका तालात वर जातात. तिथे रोज जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, हात आपोआप बटणाकडे जातो. काचा बंद झाल्यावर आत मी आणि तो सूर असे दोघंच उरलो. पुढे टँकर होता, मी चिडून वेग वाढवला, तसा तो सूर माझ्या डोक्यात गेला.

दुकानातल्या शेठने खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. घाटकोपरची ही रीत मला आवडते. माणूस काही घेवो न घेवो, आधी त्याच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. आमच्या मुलुंडला चहा विचारतात, पण "घेणार का?" असं विचारतात, म्हणजे नाही म्हणायला जागा ठेवतात. शेठने गाडीत डोकं घातलं, आवाज ऐकला आणि पुढच्या बंपरकडे बघून म्हणाले, "ताई, लिंबू-मिरची नाय लावली? नजर लागली आहे गाडीला."

"आमच्याकडे लावत नाहीत," मी म्हटलं. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती आहे, ती त्यांनी पाहिली आणि विषय सोडला. मला मनात हसू आलं. नजरेत तेवढी ताकद असती तर बोरिवलीला एका उंच गाडीच्या छताची काच केव्हाच तडकली असती.

शेठने वायरीत एक नॉइज फिल्टर बसवला, बोटाएवढी नळकांडी. सूर बराच दबला. मी खूश होऊन खाऊगल्लीत गेले आणि चीज घातलेला, वर भाज्यांचा ढीग रचलेला डोसा खाल्ला. डोसा कुठला, त्या ढिगाखाली एक डोसा आहे असं मानायचं. पण गरम होता, आणि मी जिंकलेली होते, म्हणून उत्तम लागला.

संध्याकाळी आईला गाडीत बसवून मुलुंडातच एक चक्कर मारली. तिचं आवडतं जुनं भीमगीत लावलं. आईने थोडा वेळ ऐकलं.

"गाणाऱ्याला सर्दी झालीय," ती म्हणाली.

खरंच, फिल्टरने आवाजातली धारच गेली होती. मी वाद घालणार होते, पण तेवढ्यात एक रिक्षा मधे घुसली, मी जोरात पुढे काढली, आणि फिल्टरमधूनही बारीक कुंई ऐकू आलीच.

"सर्दी झाली, आणि रडतेय पण," आई म्हणाली. "तू बघितलंस का, कधी रडते ती? पेशंट आला की पहिला प्रश्न हाच. कधी दुखतं? उपाशीपोटी, का जेवल्यावर?"

"ती कधीही रडते, आई."

"कधीही नाही," आई म्हणाली आणि खिडकीतून भाजीवाल्याकडची मेथी बघायला लागली. मेथीपुढे तिला दुसरं काही दिसत नाही, म्हणून मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर पेट्रोल वाचलं असतं.

अंधेरी

पुढच्या शनिवारी अंधेरीला गेले. हे दुकान म्हणजे नुसतं दुकान नव्हतं. काचेचं दार, गालिचा, आणि आत लाकडी भिंतींची एक खोली, जिच्यात फक्त गाणी ऐकायची. घाटकोपरला आधी पाणी देतात. अंधेरीला आधी मोबाइल नंबर मागतात. नंबर दिल्यावर कॉफी मिळाली, साखर वेगळ्या पुडीत. काउंटरवरची मुलगी माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "सर पार्किंगमध्ये आहेत का?"

"सर नाहीत," मी म्हटलं. "गाडी माझी आहे. आवाजही माझाच आहे."

गाडी आत घेईपर्यंत तिने मला त्या लाकडी खोलीत बसवलं आणि एक गाणं लावलं. मी डोळे मिटले. गायिकेने श्वास घेतलेला ऐकू आला. तबल्यावरचा हात उचललेला ऐकू आला. मला एकदम कळलं की दर रविवारी आई हे ऐकते. हे ऐकून मग ती माझ्या गाडीत बसते. मी कॉफी तशीच खाली ठेवली.

"हाच सेट बोरिवलीच्या एका मॅडमनी घेतला गेल्या वर्षी," मुलगी उत्साहाने म्हणाली. "त्यांची मदर पण आली होती ऐकायला. सो स्वीट!"

मुंबईत छताला काच असलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, बोरिवलीत मॅडम पुष्कळ आहेत, त्यांना आयाही असतात. पण मी विचारलंच, "मदर नर्स होत्या का?"

"हो! तुम्ही ओळखता?"

आई स्पीकर ऐकायला अंधेरीपर्यंत आली होती आणि घरी येऊन मला एका अक्षराने बोलली नव्हती. नवऱ्याचं भानगडीचं प्रकरण बाहेरून कळावं तसं मला वाटलं. नवरा नाही, त्यामुळे अनुभव नाही, पण असंच वाटत असणार.

या मनःस्थितीत मी त्या मुलीबरोबर खाली गाडीपाशी गेले. चष्मा लावलेला, घोगऱ्या आवाजाचा कारागीर माझ्या गाडीत बसला होता. इंजिन चालू होतं, आईचं भीमगीत चालू होतं. त्याने आवाज अगदी बारीक केला, कान दिला, पुन्हा मोठा केला. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मॅडम, इसमें अर्थ बराबर नहीं है."

माझं डोकं फिरलं.

"गाणं मराठी आहे," मी म्हटलं. "तुम्हाला अर्थ कळणार नाही. आम्हाला कळतो. माझी आई हे गाणं ऐकत मोठी झाली."

"नहीं मॅडम, मैं बोल रहा हूँ, अर्थ..."

"अर्थ नसता तर माणसं रात्र रात्र बसून ऐकतात का?"

तो गोंधळून काउंटरवरच्या मुलीकडे बघायला लागला. ती "मॅम, मॅम" करत होती. मी किल्ली घेतली आणि निघाले. आवाज घालवून नको होता मला त्यांच्याकडून. सगळं जग बोरिवलीच्या मॅडमना सामील होतं.

खारदांडा

रागात गाडी चालवताना माणूस बाण बघत नाही. मला जोगेश्वरीकडे वळायचं होतं, मी लागले दक्षिणेच्या रांगेत. सांताक्रूझ मागे पडलं तेव्हा कळलं. हायवेवर उलटं फिरायला जागा मिळत नाही, मिळते तोवर राग उतरतो आणि भूक लागते. खारजवळ बाजूला थांबून मी भारतीला फोन केला.

भारती माझ्या टेबलाशेजारी बसते, गेली कित्येक वर्षं. खारदांड्याची कोळीण, डब्यात रोज मासे, आणि ऑफिसात ज्यांना वास येतो त्यांना ती "मग तुम्ही हुंगू नका" असं सांगते.

"खारला आलीस आणि फोन करतेस? ये ना सरळ," ती ओरडली. "बोंबील तळतेय. आणि तुझी ती रडकी गाडी घेऊनच आलीस ना? नंदूला दाखव. त्याचा टेंपो आहे ना हळदीचा."

नंदू तिचा नवरा. त्याच्याकडे मोठ्या स्पीकरांचा टेंपो आहे आणि कोळीवाड्यातल्या हळदीला तो गाणी वाजवतो. हे मला ठाऊक होतं, पण हळदीच्या टेंपोवाल्याला माझं दुखणं दाखवावं असं कधी सुचलं नव्हतं.

सबवेतून पश्चिमेला उतरून, बंगले आणि कॅफे मागे टाकून, रस्ता एकदम अरुंद होतो आणि आपण गावात येतो. पूर्वेकडून आलेल्या माणसाला हे दर वेळी नवल वाटतं. आमच्याकडे खाडी आहे, पण ती हायवेपलीकडे, तोंड फिरवून बसलेली. इथे समुद्र घराच्या मागच्या दाराशी. बांबूंच्या मांडणीवर बोंबील वाळत होते. गाडी लावायला जागा मिळाली ती दोन होड्यांच्या मधे, आणि लावताना माझा डावा आरसा एका होडीला घासला. होडीच्या मालकीणबाईंनी आधी होडी तपासली, मग मला.

आधी जेवण. ताजे बोंबील तळलेले, तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण. आमच्या घरी सुकट असते, चटणीत. आई नगरकडची, ताजा मासा तिला अजून परका वाटतो. जेवता जेवता मी घाटकोपर, अंधेरी, सगळं सांगितलं. फक्त जयूविषयी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्या बोंबलालाच बोलले.

"म्हणजे आवाज घालवायचाय, का बहिणीला?" भारतीने विचारलं.

"आवाज," मी म्हटलं. तिने माझ्या ताटात आणखी एक बोंबील टाकला.

नंदू हात धुऊन उठला. "दोन मिनिटांत घालवतो." तो बोलण्यात फार पुढे आहे. दोन मिनिटांत त्याने शेठचा फिल्टर काढला. गाणाऱ्याची सर्दी गेली, सूर मात्र पूर्वीसारखा मोकळा झाला. मग त्याने रेडिओपासून मागच्या पेटीपर्यंत जाणारी वायर बदलली. सूर तसाच. मग त्याने एक स्पीकर उघडला, बंद केला, आणि हळूच म्हणाला, "पेटीच खराब असणार."

इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या मनातलं बोललं. पेटी खराब, म्हणजे जयूने खराब दिली. मी आनंदाने मान डोलावत होते, तेवढ्यात भारती बाहेर आली. तिने आवाज ऐकला.

"अरे, हा तर आपल्या टेंपोसारखाच आवाज. तुझ्या पुतणीच्या हळदीला नाही का असाच आला होता? नवरीपेक्षा टेंपो जास्त रडला. सगळे हसत होते."

नंदूने कपाळावर हात मारला. "वाट लागली होती त्या दिवशी. अगं हो, ते तर अर्थचं होतं."

"कशाचं?" मी विचारलं.

"अर्थ. अर्थिंग गं. काळी वायर. विजेला परत जायला रस्ता लागतो ना, ती गाडीच्या पत्र्याला लावतात." त्याने सीट मागे सरकवली. "बघ, पुढच्या रेडिओचा अर्थ तिथे पुढे. पेटीचा अर्थ इथे मागे, सीटच्या बोल्टवर, आणि तोही रंगावरच दाबून बसवलाय. दोघांचा अर्थ दोन ठिकाणी. मग जमत नाही त्यांचं. इंजिन जोरात फिरलं की मधल्या वायरीतून कुरकुर करतात."

मी होडीला टेकून उभी राहिले. चष्मा लावलेला तो कारागीर आठवला, गोंधळलेला. इसमें अर्थ बराबर नहीं है. मी त्या बिचाऱ्याला गाण्याचा भावार्थ सांगून आले होते. भारतीला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की शेजारच्या घरातून दोघी जणी काय झालं ते बघायला बाहेर आल्या, आणि मग त्यांनाही सांगावं लागलं.

नंदूने पेटीची काळी वायर पुढे नेली, रेडिओची जिथे होती तिथला रंग खरवडून दोन्ही एकाच ठिकाणी घट्ट बसवल्या. मी इंजिन सुरू केलं. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, पण बॉनेटखाली, जिथे त्याने गुरगुरावं तिथे. स्पीकरमधून नुसतं गाणं.

"पेटी झकास आहे हां," नंदू म्हणाला. "असला माल आता मिळत नाही. कोणी दिली?"

"बहिणीने," मी म्हटलं. चांगली वस्तू देणाऱ्या बहिणीचं काय करावं ते मला कळेना. वाईट दिली असती तर सोपं होतं.

बोरिवली

त्या रविवारी मी जयूला कळवलं की तू येऊ नकोस, आम्हीच येतो. आईला पुढे बसवलं आणि घोडबंदर रस्ता धरला. एका बाजूला जंगलाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या रस्त्यावर खड्डे, काम चालू, ट्रक. पण गायमुखच्या चढावर झाडी दोन्हीकडून जवळ येते आणि गाडीत सावली होते. तिथे मी गाणं लावलं.

गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. लाकडी खोलीइतका नाही, पण येत होता. मी आईकडे बघितलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. चढ संपला, उतार लागला. दुसरं गाणं सुरू झालं. कौतुकाचा एक शब्द नाही.

शेवटी न राहवून मी म्हटलं, "आता जयूच्या गाडीइतकंच छान वाजतंय की नाही? का अंधेरीला जाऊन ऐकल्याशिवाय कळत नाही तुला?" आणि मग सुटलेच. स्पीकर घ्यायला आई लागते, मला सांगायला मात्र तोंड उघडत नाही. दर रविवारी मिरवायला आई. औषधांच्या दिवशी कुठे असते जयू?

आई डॅशबोर्डकडे बघत होती. मग तिने वाकून स्पीकरच्या जाळीला हात लावला, ताप बघावा तसा.

"काय झालं?"

"रडली नाही," ती म्हणाली.

"नाहीच रडणार. नीट केलीय मी."

"ते कळलं. पण मघापासून तू जयू जयू करतेस, आणि ही रडली नाही." आईने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. "जयूचं नाव निघालं की तुझा पाय खाली जातो. पाय खाली गेला की ही रडायची. मला वाटलं तुला ठाऊक आहे. आताही बघ कुठे आहे पाय."

वेगाचा काटा मी कधीच इतका पुढे नेत नाही, निदान आई शेजारी असताना. मी पाय उचलला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"तुला सांगितलं होतं ना, कधीही रडत नाही म्हणून," आई म्हणाली. "मी आपली ऐकत बसायचे. रडायला लागली की समजायचं, आता विषय बदलावा. मेथी दाखवायची, नाहीतर पाणी मागायचं."

चेण्याचा पूल आला. गाणं सुरेख वाजत होतं, आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. किती रविवार, किती चकरा, आणि माझा प्रत्येक जळफळाट स्पीकरमधून मोठा होऊन आईला ऐकू येत होता. मी फार सांभाळून बोलते अशी माझी समजूत होती.

जयूच्या घरी मटण होतं, वडे होते, आणि बाल्कनीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात, ती मी दर वेळी न बघितल्यासारखं करते. जयू वाढता वाढता म्हणाली, "मग आई, गृहप्रवेशाला आदल्या दिवशीच इकडे ये राहायला. पहाटे निघू. तुझी सीट मागे करून ठेवते, पाय पसरता येतील."

मी वड्याकडे बघत बसले.

"मी मीनाच्या गाडीतून जाणार," आई म्हणाली.

जयूच्या हातातला डाव थांबला. "का गं? तिचा आवाज गेला म्हणून?"

"आवाज गेला म्हणूनच. पूर्वी गाडीत कुठेही बसून मला कळायचं ही कधी तापलीय. आता कळणार नाही. घाटात जायचंय. शेजारी बसून पायावर लक्ष ठेवायला हवं."

प्रशांत हसला. जयू हसली नाही. तिने भांडं खाली ठेवलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी ताबडतोब ओळखलं. वर्षभर मी ते आरशात बघत होते.

कसारा

गृहप्रवेशाच्या दिवशी पहाटे जयू आणि प्रशांत घोडबंदरने आले, आणि मुलुंडच्या नाक्यावर आमच्या गाड्या एकत्र झाल्या. ते पुढे, आम्ही मागे. शहापूर गेल्यावर हवा गार झाली. कसाऱ्याच्या पायथ्याशी वडे खाल्ले. आईने एक खाल्ला आणि अर्धा माझ्याकडे दिला, जयूच्या देखत. मला ते फार गोड लागलं.

घाट चढायला लागलो. मी पाय जपून ठेवला होता. आई मांडीवर हात ठेवून, मधूनच खाली नजर टाकत, गाणं ऐकत होती. गाणं थांबलं आणि जयूचा फोन आला. गाडीतल्या स्पीकरमधून तिचा आवाज भरला.

"आई, पाणी प्यायलीस का?"

"प्यायले."

दोन वळणांनी पुन्हा फोन. "आई, ताई हळू चालवतेय ना? आणि पाठीला उशी आहे का तिथे? माझ्याकडे आहे उशी."

"आहे गं."

पुढच्या वळणावर तिची उंच गाडी दिसली, छताची काच उन्हात चमकत होती. त्या गाडीचा वेग एकदम वाढला, मग कमी झाला. तिसऱ्यांदा फोन वाजला.

"आई, घोटीला थांबू ना आपण? तिथून इकडे बसतेस का? थोडाच वेळ. इथे काच उघडते वरची, तुला आवडते ना? आणि मला काहीतरी बोलायचंय तुझ्याशी, म्हणजे तसं काही नाही, पण..."

ती बोलत राहिली, बारीक आवाजात, वर चढत. आईने मान तिरकी करून स्पीकरला कान दिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ऐक. आता तिची रडायला लागली."

मला जयूची कीव यायला हवी होती. आली, पण घोटी गेल्यावर. तोवर मी तो आवाज मन लावून ऐकला.